वास न येणाऱ्या नवऱ्याबरोबर, गॅस सिलिंडर घेऊन आंबोळगडला

गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघांनी पुण्याबाहेर एकही रात्र काढली नव्हती. कारण साधं होतं: जेवण. माझे यजमान श्रीकांत यांची मूत्रपिंडं कुरकुरतात. डॉक्टरांनी मीठ मोजून दिलंय, डाळ मोजून दिलीय आणि हॉटेलचं जेवण सरळ बंद केलंय. लग्नामुंजीलासुद्धा आम्ही डबा घेऊन जातो आणि अक्षता टाकून घरी येतो. शेवटी मी शाळेतून निवृत्त झाले त्या महिन्यात एक जुनी बारा सीटर गाडी विकत घेतली, आतल्या सीट काढून टाकल्या आणि जाहीर केलं की आता स्वयंपाकघरच आपल्याबरोबर येईल.

श्रीकांतनी विचारलं, "आणि गॅस?"

"गॅससुद्धा."

पेपर उघडून बसले.

ते का गप्प बसले, ते सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी खडकीला, संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात झाली, त्यातली शेवटची बारा वर्षं सुरक्षा विभागात. स्फोट होऊ नये म्हणून माणसांवर डाफरणं हेच त्यांचं काम. आणि तीन वर्षांपूर्वी एका तापात त्यांचा वास गेला. ताप उतरला, वास परत आला नाही. त्यानंतरच्या एका दुपारी गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं, आच विझली, बर्नर चालूच राहिला. श्रीकांत ओट्यापासून दोन हातांवर शब्दकोडं सोडवत बसले होते. मी भाजी घेऊन येत होते, मला जिन्यातच वास आला. धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. झालं काहीच नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी शेगडी पेटवली नाही. दर रविवारी स्वयंपाक करणारा हा माणूस ओट्याकडे पाठ करून बसायला लागला.

म्हणून माझा बेत दोन भागांचा होता. गॅस बरोबर न्यायचा, आणि तो श्रीकांतनी पेटवायचा. दुसरा भाग मी त्यांना सांगितला नव्हता.

तुमच्यापैकी ज्यांना अशी गाडी करायची आहे त्यांच्यासाठी आधी निवडीचं सांगते, कारण आमचा त्यात महिना गेला. आमच्या मुलीने, गौरीने, बंगळुरूहून फोनवर फर्मान काढलं होतं, "आई, गॅसबिस काही नको, इंडक्शन घ्या." श्रीकांतनी कागदावर हिशेब मांडला. आमच्या गाडीतल्या जादा बॅटरीवर दोन माणसांचा एक वेळचा स्वयंपाक कसाबसा निघत होता, आणि मुक्कामाच्या जागी प्लग असेलच याची खात्री नव्हती. इंडक्शन बाद झालं.

घरचा मोठा लाल सिलिंडर गाडीत टाकून निघणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. तो घरच्या वापरासाठी दिलेला असतो, आणि त्याचं धूड घाटाच्या वळणावर कलंडलं तर दोघांनाही आवरत नाही. रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देतात, तो प्रकार तर श्रीकांतनी कोथरूडच्या भर रस्त्यात एका दुकानदाराला "हे तुम्ही कुणाच्या परवानगीने करताय?" असं विचारून माझ्यासाठी कायमचा बंद केला. आरपार दिसणारा, फायबरचा हलका सिलिंडर मला आवडला होता. आत किती गॅस उरलाय ते बाहेरून कळतं. पण तो गावोगावी बदलून मिळेल का, याचं नक्की उत्तर कुणी देईना.

शेवटी पाच किलोचा, कनेक्शनशिवाय ओळखपत्रावर मिळणारा लोखंडी छोटा सिलिंडर घेतला. पहिल्यांदा घेताना दीड-दोन हजार रुपये जातात. नंतर त्याच कंपनीच्या एजन्सीत रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. घेताना त्याच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो, तो बघा. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडरची तपासणी राहिलेली आहे, तो परत करा. एकच घेतला. दुसरा राखीव घ्यावा असं मला वाटत होतं. "जेवढा गॅस कमी तेवढी काळजी कमी," असं म्हणून श्रीकांतनी तो विषय संपवला.

सिलिंडरसाठी डबा करायला आम्ही कात्रजला एका फॅब्रिकेटरकडे गेलो. दत्ताभाऊ म्हणून, गाड्यांच्या बॉडीचं काम करणारे, वयाने पन्नाशीचे. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा कप्पा, त्याचं दार बाहेरून उघडणारं, आतल्या बाजूला एकही फट नाही, असं आम्ही सांगितलं होतं. चार दिवसांनी गेलो तर कप्पा तयार होता आणि हवा खेळायला भोकं पाडली होती, अगदी वर.

श्रीकांतनी विचारलं, "भोकं वर का?"

"हवा वरनं जाती की साहेब. गरम हाय म्हटल्यावर वरच जाणार."

"हवा जाईल. गॅस जाणार नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळाला साचतो. भोकं तळाला पाहिजेत, खाली थेट रस्त्यावर उघडणारी."

दत्ताभाऊंनी कप्प्याकडे आणि मग श्रीकांतांकडे पाहिलं. "म्हंजे आमच्या मेव्हण्याच्या टपरीत शिलिंडर खड्ड्यात ठेवलाय त्यो?"

"आजच बाहेर काढायला सांगा."

भोकं तळाला आली. सिलिंडर उभाच राहील असं कडं बसलं, वरून दोन पट्टे आले. सिलिंडर आडवा कधीही न्यायचा नाही, कारण आडवा झाला की आतला द्रव तोंडाशी येतो. गाडीच्या आत, घोट्याच्या उंचीवर, गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र लावलं. ते अत्तरालाही ओरडतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आणि श्रीकांतनी एक नियम घातला: गाडी चालू असताना रेग्युलेटर काढलेला, सिलिंडरच्या तोंडाला टोपण घातलेलं. मुक्कामाला पोचलो की रेग्युलेटर लावायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघायचा. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघायची नाही. मी म्हटलं, "आणि मी वास घेईन." ते म्हणाले, "तू घे. मी फेस बघीन."

त्यानंतर दोन आठवडे आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. रोजचा चहा आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक गाडीत. सेक्रेटरींनी एकदा खाली येऊन विचारलं, "घरातला गॅस संपला का?" पेटवायचं काम अर्थात माझ्याकडेच होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका मंगळवारी सकाळी सहाला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा उजाडत होतं. साताऱ्यापर्यंत रस्ता उत्तम, टोल मात्र वरचेवर. कराडला महामार्ग सोडला आणि कोकरूड, मलकापूर करत आंब्याकडे वळलो. उसाच्या ट्रॉल्या असल्याने वेळ धरून चला. आम्हाला पोचायला दुपारचे तीन वाजले. आंबा गावाबाहेर एका ओळखीतून कळलेल्या शेतघराच्या अंगणात गाडी लावायची परवानगी मिळाली. घरच्या मावशींनी पैसे घेतले नाहीत. "जागा का आमची झिजणार हाय व्हय?" असं म्हणाल्या आणि गाडीचं दार उघडून आत डोकावल्या. "ह्यात निजता? आणि चूल?" मी त्यांना मागचा कप्पा उघडून दाखवला. त्यांनी पदर तोंडाला लावला. "बया, बाँबगोळाच घिऊन फिरताय की."

श्रीकांत बाजूला उभे राहून ऐकत होते. हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी एक चूक केली. थंडी कडक होती, म्हणून अंघोळीला, भांड्यांना, पाय शेकायला अशी तीन पातेली पाणी तापवलं. निघायच्या आदल्या दिवशी श्रीकांत म्हणाले होते, "सिलिंडरचं वजन करून घेऊ. रिकाम्याचं वजन वर कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो." मी त्यांना म्हटलं होतं, "अर्धा तरी आहे हो, हालवून बघितलाय." दोन आठवड्यांचा सराव मी धरलाच नव्हता. सकाळी चहाचं पाणी उकळायच्या आत आच निळ्याची पिवळी झाली आणि विझली.

आणि माझं नाक बंद होतं. रात्रीच्या गारठ्याने सणसणीत सर्दी झाली होती. मावशींनी त्यांच्या चुलीवरचा चहा आणून दिला. मी घोट घेतला. गरम होता, गोड होता, बाकी काही नव्हतं. आलं घातलंय असं त्या म्हणाल्या म्हणून कळलं.

मी कप्प्यापाशी जाऊन वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग श्रीकांतना सांगितलं, "अहो, मलाही वास येत नाहीये."

फोनवर गौरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग परत या. दोघांनाही वास येत नाही आणि गॅस घेऊन फिरणार? आई, हा हट्ट आहे."

"हट्ट आहेच," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मात्र माझ्यात धीर उरला नव्हता. यंत्रावर भरवसा होता, पण कप्पा मुद्दाम बाहेर उघडणारा केलेला, तिथे गळलं तर आतल्या यंत्राला कळायचं काहीच कारण नव्हतं. तिथे माझं नाकच पहारेकरी होतं. मी श्रीकांतना म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं करू. परत जाऊ या?"

ते गाडीच्या पायरीवर बसले होते. "कारखान्यात आम्ही कुणाच्या नाकावर विसंबून काम करत नव्हतो," ते म्हणाले. "वास न येणारे पदार्थ पुष्कळ असतात. पद्धत पाळायची. मी तीन वर्षं उगाच घाबरून बसलोय. चल, खाली उतरू."

आंबा घाट सुरेख आहे, पण वळणं लागोपाठ येतात, मोठी गाडी असेल तर गिअरवरच उतरा. साखरप्याहून लांज्याच्या बाजूला निघालो. वाटेतल्या एका गावी एजन्सी होती, आमच्याच कंपनीची. पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती आणि एक ते तीन एजन्सी बंद असते अशी पाटी होती. श्रीकांतची गोळी जेवणानंतरची. त्यांना भुकेने थरथर सुटते, मला ते दिसत होतं. काउंटरवरच्या गृहस्थांनी रिकामा घेतला, पावती केली, सील असलेला भरलेला सिलिंडर पुढे सरकवला. श्रीकांतनी तारखेचं अक्षर वाचलं, ठीक होतं. मग मला म्हणाले, "रेग्युलेटर आण. आणि साबण-पाण्याचा मग."

"अहो, मुक्कामाला गेल्यावर करू. आधी कुठेतरी थांबून जेवण करायला हवंय तुम्हाला."

"जेवणासाठी गॅस लागेल. हा गाडीत ठेवायच्या आधी बघायचा."

काउंटरवरचे गृहस्थ कुलूप हातात घेऊन उभे होते. "काय बघायचं असतं त्यात? भरून सील होऊन येतो तो. लीक असता तर वास आला नसता का?"

श्रीकांतनी सिलिंडर उचलून उघड्या अंगणात नेला. सील काढलं, रेग्युलेटर बसवला, त्याच्या नळीच्या टोकाची चावी बंद ठेवून रेग्युलेटर चालू केला. मी मगात फेस केला. त्यांनी बोटाने तो रेग्युलेटरच्या कड्याभोवती लावला आणि आम्ही दोघं ओणवे होऊन बघत राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग एका बाजूला फेसात एक डोळा उघडल्यासारखा बुडबुडा आला. तो फुटला. त्याच जागी दुसरा आला, तिसरा आला, मग ते थांबेनात.

मी श्वास ओढून घेतला. काहीही वास नव्हता. मोकळ्या अंगणातली ऊन लागलेली हवा, इतकंच. डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की सगळं ठीक आहे.

श्रीकांतनी रेग्युलेटर बंद केला आणि हाक मारली. गृहस्थ नाइलाजाने आले, पाच पावलांवरच थबकले. "अरे, येतोय की वास."

"आम्हाला येत नाही," श्रीकांत म्हणाले. "दोघांनाही."

त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. हातातलं कुलूप खिशात टाकलं. "मग गॅस घेऊन फिरता कसे?"

"असेच. फेस करून."

त्यानंतर त्या माणसाने काही वाद घातला नाही, हे आवर्जून लिहिते. सिलिंडरच्या तोंडात एक बारीक रबरी कडी असते, तीच गळतीला कारण होते. त्यांनी पिनेने ती बाहेर काढली. एका जागी चिरलेली होती. नवी बसवली, स्वतः फेस लावला, आम्हाला दाखवला. तरीही म्हणाले, "हा इथेच राहू द्या, दुसरा देतो." दुसराही तपासला. दीड वाजला होता. त्यांनी आतून खुर्ची आणून श्रीकांतना सावलीत बसवलं. "कडी चिरलेली असते कधीकधी. प्रत्येक सिलिंडर बघायला वेळ कुठे असतो, पण बघायला पाहिजे," असं जमिनीकडे बघत म्हणाले. तुम्हीही सिलिंडर घ्याल तेव्हा तिथेच, दुकानाच्या दारात, रेग्युलेटर लावून बघा. पाच मिनिटं लागतात. कुणी घाई केली तरी लावून बघा, आणि घाई करणारी बायको असली तरी.

गावाबाहेर एका आंब्याखाली गाडी लावली. मोहोर भरगच्च आलेला. मी तवा काढला आणि पीठ मळायला घेतलं, तेवढ्यात मागे लायटरचा आवाज झाला. श्रीकांतनी दार आणि दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या आणि शेगडी पेटवली होती. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलून बसले असते.

भाकरी आणि दुधी भोपळ्याची भाजी, मीठ बेतानेच. पहिला घास घेतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "जमलीय का भाजी?"

"मला काय विचारता? मला कुठे कळतंय?"

मग आम्ही दोघं हसत सुटलो. इतके, की रस्त्यावरून जाणारा एक दुचाकीवाला थांबून बघून गेला.

आंबोळगडला तीन रात्री राहिलो. राजापूरहून पुढे रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं. किनाऱ्याच्या वर, कातळावर एका घरमालकांनी रात्रीला तीनशे रुपये घेऊन जागा दिली, पाणी आणि न्हाणीघर त्यात आलं. वाळूची पुळण लांबलचक आणि जवळजवळ रिकामी. आमच्या पद्धतीत आता फरक पडला होता. सकाळी कप्पा उघडणं, फेस, पेटवणं, सगळं श्रीकांत करत. मी पायऱ्यांवर बसून नाक पुसत असे. एका संध्याकाळी घरमालकांच्या सूनबाई समुद्रावरून आणलेली मासळी वाळत घालत होत्या. "वासाचा त्रास होतो का हो काकू? पुण्याची माणसं तक्रार करतात," त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि मग एकदम वाईट वाटलं. समोर समुद्र होता, मासळी होती, शेणाने सारवलेलं अंगण होतं, आणि मला हे सगळं काचेपलीकडून दाखवल्यासारखं दिसत होतं. श्रीकांत तीन वर्षं असं बघतायत. ते जेवण टाळतात, बागेत यायला कंटाळतात, म्हणून मी त्यांच्यावर किती वेळा चिडले होते, ते मला तिथे बसून आठवत गेलं. त्यांनी कधी समजावून सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?" मी त्यांना त्या संध्याकाळी विचारलं.

त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. "फोडणीची. स्वयंपाक झाला की नाही ते आता मला घड्याळ बघून कळतं."

परत येताना अणुस्कुरा घाटाने वर चढलो, कोल्हापूरला न थांबता एका दमात पुणे गाठलं. जाण्यायेण्याचं डिझेल, टोल आणि जागेचे पैसे धरूनही हे सगळं हॉटेलातल्या चार रात्रींपेक्षा बरंच स्वस्त पडलं. पोचल्यावर आधी सिलिंडर गाडीतून काढला. बंद गाडीत, पार्किंगमध्ये, उन्हात तो ठेवून द्यायचा नाही. टोपण घालून, उभा, हवेशीर जागी.

सर्दी आणखी दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत ओट्यापाशी आमटी करत होते आणि मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. नाकात काहीतरी सरकलं आणि एकदम मोहरी आली. मग हिंग आला, मग कढीपत्ता. माझ्या हातातली चादर तशीच राहिली. क्षणभर वाटलं, त्यांना सांगू नये. माझं आलं आणि त्यांचं नाही आलं, हे कशाला सांगायचं.

मग आत गेले आणि सांगितलं.

त्यांनी आच बारीक केली आणि माझ्याकडे वळले. "कसा येतोय? नीट सांग."

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. डोळे मिटले. मोहरी जरा करपलीय, असं सांगितलं. हिंग पुढे आहे, कढीपत्ता त्याच्या मागे, आणि अगदी शेवटी आमसुलाचा आंबूस वास, ओल्या लाकडासारखा. ते मान किंचित तिरकी करून ऐकत होते, जुन्या मित्राची खुशाली ऐकावी तसे.

"मोहरी करपली म्हणजे तेल जास्त तापलं," ते म्हणाले. "उद्या बघतो."